पाहिलेले की ऐकलेले?

आकाशात काळे ढग दाटून आले, की आपण म्हणतो, "पाऊस पडेलसे दिसते." रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकला, तर म्हणतो, "पाऊस पडणार म्हणे." पहिल्या वाक्याला आधार डोळ्यांचा, दुसऱ्याला कानांचा. जपानी भाषेत या दोन्ही ठिकाणी शेवटी 'सोऽ दा' असेच येते. मग भेद ओळखायचा कसा?

'सोऽ'च्या आधीचा शब्द नीट ऐका. 'आमे' म्हणजे पाऊस आणि 'फुरु' म्हणजे पडणे.

आमे गा फुरिसोऽ दा : पाऊस पडेलसे दिसते.
आमे गा फुरु सोऽ दा : पाऊस पडणार म्हणे.

'फुरु'चे 'फुरि' झाले, तर तो बोलणाऱ्याचा स्वतःचा अंदाज. 'फुरु' जसेच्या तसे राहिले, तर ती दुसऱ्याकडून कळलेली बातमी.

'ओइशिइ' (चविष्ट) यासारख्या विशेषणांचेही तसेच. शेवटची 'इ' गळाली, की 'ओइशिसोऽ दा', म्हणजे चविष्ट दिसते. ती टिकली, की 'ओइशिइ सोऽ दा', म्हणजे चविष्ट आहे म्हणे. एवढी एक 'इ' विसरलात, तर नुसती ऐकलेली गोष्ट स्वतः पाहून सांगितल्यासारखी होईल! प्रयोगवहीत निरीक्षण आणि ऐकीव माहिती आपण वेगळी ठेवतो ना? तीच दक्षता येथेही हवी.

आता तुम्ही सांगा. 'ताकाइ' म्हणजे महाग. दुकानाच्या काचेआड एक घड्याळ दिसले. ते महाग असावेसे वाटले. काय म्हणाल? आणि ते महाग आहे असे मित्राकडून कळले, तर?

(उत्तरे : ताकासोऽ दा, ताकाइ सोऽ दा.)