कुंडलिकेवर वल्हं मारताना

'मेटॅसेंटर' हा शब्द आपण चार मार्कांसाठी पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. तो पाण्यावर बसून जास्त लवकर कळतो. ज्याने आजवर वल्हं हातात धरलेलं नाही, त्यानेही नदीवर एक निवांत सकाळ कशी काढावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. नदी रायगड जिल्ह्यातली, कुंडलिका.

हिवाळ्यात-उन्हाळ्यात या नदीत दिसणारं पाणी मुख्यतः मुळशीचं असतं. ते खरं तर मुळा, भीमा, कृष्णा करत पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी धरण बांधून ते अडवलं आणि पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या टर्बाइनवर सोडलं. हे वीजघर १९२७ चं. (या धरणात गावं बुडाली, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. हेही आपल्याला माहीत असावं.) वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या आटतात तेव्हाही हिच्यात बोट चालते. पण जनित्रं बंद तर नदी उथळ, आणि सुरू झाली की पाणी चढतं. तेव्हा निघण्यापूर्वी 'आज पाणी कधी सुटणार' हे तिथल्या बोटवाल्यांना विचारल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

वरचा, साजे गावापासूनचा टप्पा राफ्टिंगवाल्यांचा. आम्ही होस्टेलचे सहाजण गेलो ते त्याच्या खाली, जिथे खळखळाट संपून पात्र पसरतं तिथे. कनू म्हणजे वरून उघडी, दोघांची लांबट बोट. वल्ह्याला पातं एकच. दोन पाती असतात ती कयाकची.

पहिली दहा मिनिटं बोट गोल गोल फिरते. भांडू नका, हे गणित आहे. वल्ह्याचा जोर मध्यरेषेवर लागत नाही, त्यामुळे मोमेंट तयार होतो. त्यात मागच्याचा जोर जास्त चालतो. तो उजवीकडे मारत असेल तर नाक डावीकडे वळतं. उपाय असा: मागच्याने फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पात्याने पाणी हलकेच बाहेर लोटायचं. पाण्यात इंग्रजी 'जे' उमटतो. पुढच्याने फक्त ताल धरायचा आणि दगड दिसला की ओरडायचं. आमच्यात मागे बसण्यावरून वाद झाला, तो बरोबरच होता. सुकाणू तिथेच असतं.

आता मेटॅसेंटर. बीएम म्हणजे आय भागिले व्ही, आणि आय रुंदीच्या घनावर अवलंबून. दोघं बसलेल्या कनूचा मी ढोबळ हिशेब केला, तर बीएम जेमतेम अर्धा मीटर येतो. बसलात तर गुरुत्वमध्य त्याच्या खाली राहतो. गुडघे टेकलेत तर आणखी छान. फोटोसाठी दोघं उभे राहिलात की तो मेटॅसेंटरच्या वर जातो, आणि पुढे काय होतं ते पुस्तकात आकृतीसह दिलं आहे.

नदी वाचायलाही शिकावं. वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान, आतल्या बाजूला संथ. व्ही आकाराच्या लाटेचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे दगड. दगडाला आडवे लागलात तर दगडाकडेच झुका. घाबरून उलट झुकलात की वरचं पाणी बोटीत शिरतं. पाण्यात पडलात तर वाहत्या पाण्यात उभं राहू नका, पाय दगडात अडकतो. उताणे, पाय पुढे करून काठाकडे या.

सर्वात फसवी जागा मात्र सर्वात शांत दिसते: बंधाऱ्याच्या वरची. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे, तिथून पाणी कालव्यात वळवतात. बोटीतून बंधारा दिसत नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते. कुठल्याही बंधाऱ्याखाली बुडालेला हायड्रॉलिक जंप तयार झाला, तर पृष्ठावरचं पाणी उलटं भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली, म्हणून घनता कमी आणि उत्प्लावक बलही कमी. "मला पोहता येतं" हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही. होस्टेलमध्ये हे वाक्य बोलणारे प्रत्येक मजल्यावर दोन तरी आहेत! लाईफ जॅकेट बकल लावून अंगावर हवं, बुडाखाली घ्यायला नव्हे. आणि बोट बंधाऱ्याच्या बरीच आधी काठाला.

बाकी सगळी मजाच. मधल्या संथ पाण्यात वल्ही आडवी ठेवा. खंड्या सूर मारतो, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, आणि प्रवाह न मागता ताशी दोन-तीन किलोमीटर नेतो. थंडीत गेलात तर संध्याकाळी कुणाच्या शेतावर पोपटी मिळते का पाहा. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडकं. कोरडे कपडे आधी चढवा, मगच शेकोटीकडे जा.