नोंद सापडली नाही म्हणजे लग्न झाले नाही, असे नव्हे

आपल्याकडे कतुबा लिहून, वाचून व साक्षीदारांच्या सह्या घेऊन लग्न लागते. त्यामुळे लग्न म्हटले की कागद असणारच, असे आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या ज्या वाचकांच्या घरी सोयरिकीने एखादे स्कॉटिश घराणे जोडले गेले असेल, त्यांनी मुलांसाठी वंशावळ लिहिताना हा समज बाजूस ठेवावा. खापरपणजोबांचे लग्न चर्चच्या वहीत सापडले नाही, एवढ्यावरून त्यांच्या मुलांपुढे ‘अनौरस’ असा शेरा मारणे अन्यायाचे होईल.

स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात दोघांची संमती हाच लग्नाचा पाया होता. धर्मगुरूवाचून झालेल्या अशा लग्नास ‘अनियमित’ म्हणत. पण अनियमित म्हणजे बेकायदा नव्हे. त्याचे तीन प्रकार होते. पहिला, ‘आजपासून आपण नवराबायको’ असे दोघांनी परस्परांस सांगणे. दुसरा, लग्नाचे वचन व त्या भरवशावर आलेला शरीरसंबंध. तिसरा, नवराबायको म्हणून एकत्र नांदणे व लोकांनीही त्यांना तसेच मानणे. पहिले दोन प्रकार १ जुलै १९४० पासून बंद झाले. तिसरा २००६ च्या कायद्याने काही अपवाद ठेवून रद्द झाला.

डॅलरिंपल नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने १८०४ साली एडिंबरोत जोहाना गॉर्डन हिच्याशी केवळ लेखी कबुलीने गुप्तपणे लग्न केले आणि पुढे दुसरी बायको केली. १८११ साली लंडनच्या न्यायालयाने जोहानाचेच लग्न खरे ठरविले.

आता शोध कसा करावा, ते पाहू.

१. आरंभ ऑस्ट्रेलियातूनच करावा. सरकारी नोंदणी व्हिक्टोरियात जुलै १८५३ पासून व न्यू साउथ वेल्समध्ये मार्च १८५६ पासून आहे. तेथील जन्मदाखल्यात आईबापांच्या लग्नाची तारीख व ठिकाण लिहीत. मृत्यूच्या दाखल्यातही लग्नाची माहिती असे. सर्व भावंडांचे दाखले मागवून ताडून पाहावेत. कारण ही माहिती घरच्यांनी सांगितलेली असे. तारखा जुळत नसतील तर जपून राहावे.

२. घरातील जुन्या पेट्या पाहाव्यात. लग्नाचा पुरावा म्हणून मिळालेली ‘मॅरेज लाइन्स’ नावाची चिठ्ठी बायका जपून ठेवीत.

३. ‘कर्क सेशन’, म्हणजे स्कॉटिश मंडळीची पंचसभा, हिच्या वह्या पाहाव्यात. अनियमित लग्न करणाऱ्यांना पंच बोलावीत, कानउघाडणी करीत व दंड घेत. त्याच नोंदीत नावे, आणि पुष्कळदा लग्नाची तारीख व ठिकाणही सापडते. या वह्यांच्या प्रतिमा ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी सेवेत पाहता येतात.

४. स्कॉटलंडात सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. १८५६ च्या कायद्यानंतर अनियमित लग्न शेरीफच्या हुकुमाने नोंदविता येई. म्हणून दाखल्यावर शेरीफचा उल्लेख दिसल्यास दचकू नये. मात्र दोघांपैकी एकाचे घर स्कॉटलंडात असणे किंवा त्याने लग्नाआधी तेथे २१ दिवस राहिलेले असणे या कायद्याने आवश्यक ठरले.

एक इशारा: चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचल्याची नोंद म्हणजे लग्नाची नोंद नव्हे. सूचनेनंतरही लग्न मोडत असे.

इतके करूनही काही हाती न लागल्यास वंशावळीत ‘लग्न झाले नाही’ असे लिहू नये. ‘लग्नाची नोंद सापडली नाही’ एवढेच लिहावे. मृत माणसे आपली बाजू मांडावयास येत नाहीत; त्यांची अब्रू लिहिणाऱ्याच्या हाती असते.