डेटाबेसच्या फाइलची मूळ साइज

कविता आणि गॅदरिंगच्या आठवणींमध्ये ही क्वेरी कुठून घुसली असं वाटेल. पण प्रोजेक्ट डेमोच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये निम्मे ग्रुप इथेच अडकतात, म्हणून लिहितेय. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.) मराठी विभागाच्या नियमाप्रमाणे क्वेरीसुद्धा देवनागरीत देतेय. टाइप मात्र रोमनमध्येच करा, नाहीतर सर्व्हर लाल अक्षरांत बोलेल.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस म्हणजे कमीत कमी दोन फाइल्स, एक डेटाची आणि एक लॉगची. तयार करताना आपण साइज सांगितली नाही, तर सर्व्हर ती ‘मॉडेल’ नावाच्या डेटाबेसवरून उचलतो. २०१६ च्या आवृत्तीपासून ती ८ एमबी आहे. पुढे डेटा वाढला की फाइल फुगते, पण डेटा डिलीट केला म्हणून ती आपोआप बारीक होत नाही. मेसमधलं पातेलं रिकामं झालं म्हणून लहान होतं का? तसंच. म्हणजे साइज तीन झाल्या: सुरुवातीची, आत्ताची आणि आत खरोखर भरलेली. घोटाळा या तिघींचा आहे.

आत्ताची काढणं सोपं:

सिलेक्ट नेम, साइज / १२८.० फ्रॉम सिस.डेटाबेस_फाइल्स

इथे साइज ‘पेज’मध्ये मिळते. एक पेज ८ केबीचं, म्हणून १२८ पेजेस म्हणजे १ एमबी. शेवटचं ‘.०’ विसरू नका, नाहीतर पूर्णांकाचा भागाकार होऊन दशांश उडतो. मॅनेजमेंट स्टुडिओच्या जुन्या आवृत्त्यांत ‘इनिशिअल साइज’ असा कॉलम दिसतो. तो आत्ताचीच साइज दाखवतो, नावावर जाऊ नका.

सुरुवातीची साइज साध्या सिलेक्टने मिळते ती फक्त टेम्पडीबीची:

सिलेक्ट नेम, साइज / १२८.० फ्रॉम सिस.मास्टर_फाइल्स व्हेअर डेटाबेस_आयडी = २

टेम्पडीबी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर दर वेळी नव्याने बनते, म्हणून तिची ठरवलेली साइज इथे जपलेली असते. हीच गोष्ट टेम्पडीबी.सिस.डेटाबेस_फाइल्स मधून विचारा, की आत्ता किती फुगलीय ते कळतं. दोन्हींतला फरक म्हणजे रीस्टार्टनंतर सुटणारी जागा.

आपल्या नेहमीच्या डेटाबेसचं तसं नाही. तिची मूळ साइज प्रत्येक फाइलच्या पहिल्याच पेजवर, म्हणजे शून्य नंबरच्या पेजवर, ‘मिनसाइज’ नावाने लिहिलेली असते. ते वाचायला आधी डीबीसीसी ट्रेसऑन (३६०४) आणि मग डीबीसीसी पेज (‘प्रोजेक्ट’, १, ०, ३) द्यायचं. ‘प्रोजेक्ट’च्या जागी तुमच्या डेटाबेसचं नाव टाका. ही कमांड अधिकृत कागदपत्रांत नाही आणि तिला सिसअॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणजे लॅबमध्ये सरांना गाठणं आलं. शिवाय मधे कुणी अल्टर डेटाबेस किंवा श्रिंकफाइलने साइज बदलली असेल, तर हा आकडाही बदललेला असू शकतो. म्हणजे जन्मदाखल्यावर नंतर खाडाखोड झालेली!

याचा उपयोग काय? डीबीसीसी श्रिंकडेटाबेस या आकड्याच्या खाली फाइल नेत नाही. कुणी सुरुवातीलाच ऐटीत ५ जीबी लिहिलं असेल, तर सगळी टेबलं रिकामी करूनही ५ जीबीच राहणार. त्याच्या खाली जायला श्रिंकफाइल लागते.

पण हॉस्टेलवाल्यांना खरा फटका बसतो तो रीस्टोअर करताना. आमच्या चौघींच्या ग्रुपला सिनिअर्सकडून वारशात डेटाबेस मिळाली. बॅकअप पेनड्राइव्हवर १८० एमबीचा, आणि डेमो ज्या लॅपटॉपवर द्यायचा त्यात १५ जीबी मोकळी. कुणालाही वाटेल, पुष्कळ झालं. पण बॅकअपमध्ये फक्त भरलेली पेजेस येतात, आणि रीस्टोअर करताना फाइल्स मात्र बॅकअपच्या वेळी होत्या तेवढ्याच्या तेवढ्या तयार होतात. म्हणून आधी विचारून घेतलं:

रीस्टोअर फाइललिस्टओन्ली फ्रॉम डिस्क = ‘डी:\प्रोजेक्ट.बॅक’

ही काहीही रीस्टोअर करत नाही, नुसती यादी देते. त्यातला साइज कॉलम बाइट्समध्ये असतो (इथे पेजेस नाहीत), म्हणून दोनदा १०२४ ने भागायचं. डेटा निघाला २ जीबी आणि लॉग २२ जीबी! डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये होती आणि लॉगचा बॅकअप कुणी कधी घेतलेलाच नव्हता, त्यामुळे लॉगमधली जागा परत वापरात येत नव्हती. मूळ मशीनवर जाऊन रिकव्हरी मॉडेल सिंपल केलं, श्रिंकफाइलने लॉग ५१२ एमबीवर आणला आणि बॅकअप पुन्हा घेतला. प्रोजेक्टसाठी सिंपल चालतं. खऱ्या कंपनीच्या डेटाबेसवर हे करू नका, मधल्या क्षणापर्यंत रीस्टोअर करायची सोय जाते.

आणि दर रात्री डेटा फाइल श्रिंक करायचं फॅड आमच्या विंगमध्ये आहे, ते मला पटत नाही. श्रिंक पेजेस उचलून पुढे कोंबते, इंडेक्स विस्कटतात, आणि दुसऱ्या दिवशी फाइल परत तेवढीच वाढते. आधी वरच्या क्वेरीने आकडे बघा, डिस्क खरंच भरत असेल तरच हात लावा.