बुरशीची पेंड व यकृताची संरक्षणशक्ती

इ. स. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते.

विष पोटात गेल्यावर यकृतातील काही विकरे त्याला अधिक घातक रूप देतात. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे रक्षक विकर मात्र त्या रूपास ग्लुटाथायोनशी जोडून निरुपद्रवी करते. विकरांचे प्रमाण पेशीकेंद्रातील ग्राही प्रथिने ठरवितात. परके रसायन त्यांना चिकटले की ती संबंधित जनुकांना चालना देतात. परंतु पाळीव टर्कीचे रक्षक विकर या विषावर जवळजवळ निष्प्रभ असते. म्हणून तो पक्षी लवकर बळी पडतो.

यावरून यकृताच्या शक्तीस मर्यादा आहे हे ध्यानी घ्यावे. शेंगा काढताच चांगल्या वाळवाव्यात. हलविल्यावर दाणे खुळखुळले पाहिजेत. पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावी. बुरशी आलेली पेंड कोंबड्यांस वा गुरांस घालू नये. ती उकळल्याने विष नाहीसे होत नाही, आणि दुभत्या जनावराच्या दुधातही त्याचा अंश उतरतो.