ल्यूथरचं गाणं आणि आपला बँड

अगं, एवढी घाबरतेस कशाला? सणाला आपल्या बँडने मार्टिन ल्यूथरचं ‘आइन फेस्टे बुर्ग’ वाजवायचं आणि ते तू लिहून द्यायचंस, एवढंच ना? ‘प्रोटेस्टंटांचं गाणं वसईच्या चर्चमध्ये कशाला?’ असं कुणी म्हणालंच, तर सांग, २०१६ साली ३१ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस स्वतः स्वीडनमधल्या लुंडला ल्यूथरनांसोबत प्रार्थनेला बसले होते. शिवाय शब्द बेतलेत स्तोत्र ४६ वर, ते आपल्याही बायबलात आहे. फादरांना मात्र आधी विचारून घे बाई.

आता कागदाकडे वळू. सुरुवातीला वरचा सा तीनदा, ठाम. दुसऱ्या ओळीत चाल थेट खालच्या सापर्यंत उतरते. बी फ्लॅट धर. ट्रंपेटच्या कागदावर तो सी होतो, आल्टो सॅक्सच्या कागदावर जी. मुलांना दोन्ही सोपे. चाल ट्रंपेटलाच दे.

क्लॅरिनेटला मात्र त्याच सप्तकात चाल देऊ नकोस, बघ. उतरताना बीवरून एवर यावं लागतं. बीला जवळजवळ सगळी बोटं दाबलेली आणि एला जवळजवळ सगळी उचललेली. ऐन मिस्सात माझी क्लॅरिनेट तिथे बदकासारखी ओरडली होती, घरचे अजून चिडवतात! एक सप्तक वर लिही, म्हणजे ती अडचणच राहत नाही. फक्त हलकं वाजवा म्हणावं.

आणि खरं सांगू का, सगळ्यांना सगळा वेळ वाजवायला लावायचा मोह होईल. आवर. मेंडेल्सोनने १८३० साली ‘रिफॉर्मेशन’ सिंफनीत हीच चाल घेतली, तेव्हा शेवटचा भाग एकट्या बासरीने उघडला आणि बाकीचे हळूहळू आत घेतले. तू पहिलं कडवं एका ट्रंपेटला दे, खाली फक्त युफोनियम. मधले सूर त्यानंतर भर. ओळ संपली की श्वासाला जागा सोड. लोक गातात तेव्हा तिथेच थांबतात, आणि आपल्या म्हाताऱ्या ट्युबावाल्या काकांनाही दम लागतो गं.

साइड ड्रम गप्प बसणार नाही, मला माहीत आहे. त्याला शेवटच्या कडव्यापर्यंत थांबव. आज सरसकट ऐकू येते ती सारख्या ठोक्यांची लय नंतरची; ल्यूथरच्या काळची लय लांब-आखूड, उसळती होती. शेवटी ती वापर, ड्रमवाल्याला काम मिळेल आणि मला तरी तीच जास्त आवडते.

बासकडे नीट लक्ष दे. तो चांगला चालला तर मधल्या दोन चुका कुणाच्या कानाला लागत नाहीत. पहिलं कडवं झालं की सगळ्यांचे कागद घेऊन ये, पूर्ण व्हायची वाट बघू नकोस. सॅक्सचे मी तपासते, ट्युबाचे काकांनाच दाखवू.