विमानाचे पॉइंट आणि नगरचा प्रवासी

विमान कंपन्यांच्या सभासद योजना ज्या परिस्थितीतून जन्माला आल्या, ती परिस्थिती आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला अद्याप आलेली नाही, हे ध्यानात घेतल्यावाचून नगरच्या प्रवाशाला त्या योजनांचे यथार्थ मोल ठरविता येणार नाही. अमेरिकेत 1978 मध्ये हवाई वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली, एकाच मार्गावर अनेक कंपन्यांची भाड्याची चढाओढ सुरू झाली, आणि आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या विमानात जाऊन बसू नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने 1981 च्या मे महिन्यात प्रवाशांच्या नावे मैलांची खाती उघडली. आपल्याकडे 1953 च्या कायद्याने प्रस्थापित झालेली सरकारी मक्तेदारी 1994 मध्ये कायद्याने संपुष्टात आली, आणि त्याच साली एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना निघाली. दिल्ली-मुंबई अशी ये-जा करणाऱ्या माणसाला दिवसभरात हवे ते विमान निवडता येते, म्हणून त्याने एकाच कंपनीला धरून राहण्यात अर्थ आहे. नगरहून निघणाऱ्याची निवड मात्र रस्ता, वेळापत्रक आणि ऋतुमान हेच करीत असतात.

नगर शहरातून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि सुपे, शिरूर, शिक्रापूर मागे टाकून एकदा वाघोलीच्या गर्दीत शिरले की उरलेल्या थोड्याशा अंतराला किती वेळ लागेल, हे छातीठोकपणे सांगण्याची हिंमत या रस्त्यावर मुरलेला चालकही करीत नाही. जिल्ह्याच्या हद्दीतला विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी आहे. साईबाबांच्या समाधिशताब्दीचे औचित्य साधून 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचे नाव शिर्डीचे, आणि तेथील उड्डाणेही शिर्डीस येणाऱ्या भाविकांच्या सोयीने ठरतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु 2019 च्या नोव्हेंबरात दृश्यमानता कमी झाल्यामुळे तेथील उड्डाणे कित्येक दिवस बंद राहिली, तेव्हा राहाता-श्रीरामपूरकडील प्रवाशांना ऐनवेळी पुण्या-मुंबईच्या वाटा धराव्या लागल्या. कर्जत-जामखेडच्या माणसाला तर काकडीपेक्षा पुण्याचाच रस्ता सोयीचा. अशा रीतीने एकाच घरातील तिकिटे वर्षभरात दोन-तीन विमानतळ आणि तितक्याच कंपन्या यांत विखुरली जातात, आणि कोणत्याच एका खात्यात भरीव असे काही साठत नाही.

माझे धाकटे बंधू दिल्लीस स्थायिक झाल्यापासून आम्हा उभयतांचे तिकडे जाणे-येणे वाढले, तेव्हा ज्या कंपनीचे विमान आम्हास सोयीचे होते तिचे सभासदत्व आम्ही घेतले. तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण जे घडले ते तिच्या नियमांस धरूनच घडले. खात्यातील आकडा एका परतीच्या प्रवासास पुरेसा झाला, आणि त्याच सुमारास तिने आमच्या सोयीच्या विमानतळावरून दिल्लीची सेवा बंद केली. पॉइंट शाबूत होते, पण ते वापरावयाचे तर मुंबई गाठणे भाग होते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. पॉइंटांतून भागणार होते ते केवळ मूळ भाडे. कर आणि विमानतळाची शुल्के रोख भरावयाची होती. त्यावर नगर ते मुंबई मोटारीचे भाडे, टोल, आणि विमान पहाटेचे असल्याने विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम. ही सारी बेरीज पुण्याहून दुसऱ्या कंपनीच्या साध्या तिकिटापेक्षा अधिक झाली. शिवाय दिवाळीच्या दिवसांत पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा दिसतच नव्हत्या. ज्या दिसत, त्या शाळा-कचेऱ्या चालू असतानाच्या आडवारी. मी पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, आणि त्यात मार्ग व दर यांत पूर्वसूचनेवाचून फेरफार करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवल्याचे कलम नमूद केले होते. पुढे मुदत सरली आणि पॉइंट रद्दबातल झाले.

कंपनी बदलते, विलीन होते, प्रसंगी बंदही पडते, आणि तशा वेळी खाते कोणाच्या ताब्यात आहे यावर सभासदाचे नशीब अवलंबून राहते. किंगफिशरची विमाने 2012 च्या ऑक्टोबरात थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण 17 एप्रिल 2019 रोजी झाले. परंतु तिची सभासद योजना एका स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट ‘फ्लाइंग रिटर्न्स’मध्ये वर्ग झाले, त्या योजनेचे नावही आता ‘महाराजा क्लब’ आहे. इंडिगोने इतकी वर्षे अशा योजनेवाचून कारभार करून 2024 मध्ये ‘ब्लूचिप’ सुरू केली.

म्हणून माझे सांगणे असे की सभासदत्व जरूर घ्यावे, कारण त्यास पैसे पडत नाहीत, परंतु त्याच्यापायी तिकिटास एक रुपयाही जास्त देऊ नये. आजकाल पॉइंट बहुधा अंतरावर नव्हे तर भरलेल्या भाड्यावर मिळतात, म्हणून स्वस्त तिकिटे शोधणाऱ्या आमच्यासारख्यांच्या खात्यात ते संथपणे जमतात. जमले की पहिल्या सोयीच्या प्रवासात खर्चून टाकावेत, मुलीच्या लग्नासाठी किंवा परदेशवारीसाठी राखून ठेवू नयेत. आमच्याकडे पुष्कळ लोक तिकीट एजंटाकडून काढतात. तो बुकिंगमध्ये आपलाच मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकतो, सभासद क्रमांक टाकीत नाही, आणि कंपनीच्या सूचना त्याच्याकडेच राहतात. तेव्हा तिकीट हाती येताच आपला क्रमांक त्यावर आहे ना, आणि खात्यावरचे नाव आधार कार्डावरील नावाशी तंतोतंत जुळते ना, हे पाहावे. वडिलांचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या रिवाजामुळे येथे घोटाळा हमखास होतो. पॉइंट जमा झाल्याचे दिसेपर्यंत बोर्डिंग पास फाडू नये. जमा न झाल्यास मागणी करताना तोच पुरावा लागतो. क्रेडिट कार्डावरील पॉइंट विमान कंपनीकडे एकदा वर्ग केले की बँकेकडे परत येत नाहीत, म्हणून हवी ती जागा हव्या त्या दिवशी उपलब्ध आहे असे डोळ्यांनी पाहिल्यावरच ते वर्ग करावेत. आणि ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत’ असा निरोप व सोबत दुवा आला, तर त्यास हात न लावता कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर खाते उघडून पाहावे. वृद्ध माणसांना या एका गोष्टीची ताकीद घरातल्या तरुणांनी आवर्जून द्यावी.

कंपन्यांकडेही एक मागणी आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यातील प्रवासी संघटनांनी व व्यापारी मंडळांनी लेखी करावी, असे मला मनापासून वाटते: एखाद्या विमानतळावरून सेवा बंद करावयाची झाल्यास त्या विमानतळावरून नेहमी जाणाऱ्या सभासदांना आगाऊ कळवावे, आणि त्यांच्या पॉइंटांची मुदत किमान एक वर्षाने वाढवून द्यावी.