उसाच्या फडातील एकटेपण : ‘लपाछपी’तील प्रतिनिधित्वाचा विचार

एकांतात अडकलेल्या माणसाच्या मनाचा थरार रंगविणारे चित्रपट आपल्याकडे मोजकेच आहेत. अशा चित्रपटांत पात्रे फार थोडी असतात. राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’मध्ये (१९९९) एक घर आणि मोजकी पात्रे, तर विक्रमादित्य मोटवानी यांच्या ‘ट्रॅप्ड’मध्ये मुंबईच्या ओसाड उंच इमारतीत अडकलेला एकच तरुण. पात्रे थोडी असली की प्रत्येकाच्या खांद्यावर एकेका समाजगटाचे ओझे येते. म्हणून अशा चित्रपटाला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. कोंडले आहे कोणाला? कोंडणारे कोण? आणि पडद्यावर मुळीच कोण नाही? विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटाला मी प्रस्तुत लेखात हेच प्रश्न विचारले आहेत.

कथेतील नेहा (पूजा सावंत) ही शहरातील गरोदर स्त्री. पतीबरोबर ती उसाने वेढलेल्या एका एकाकी घरात आश्रयाला येते. घरात तुळसाबाई (उषा नाईक) आहे. तिच्या मायेत धाक मिसळलेला आहे. नेहाला मुले दिसू लागतात. ते भास की वास्तव, हे तिला कळत नाही. या भीतीच्या मुळाशी मुलीचा जन्म नाकारणारी क्रूरता आहे. किंकाळ्या फोडण्यापुरती स्त्री वापरणाऱ्या भयपटांच्या गर्दीत येथे दोन स्त्रियांचे मन केंद्रस्थानी आले, हे या चित्रपटाचे मोठे श्रेय होय. तुळसाबाई पहारेकरी आहे, आणि ज्या चालीरीतींनी तिला घडविले त्यांची कैदीही आहे.

परंतु कोंडणारे म्हणून येथे उभे राहते ते खेडे. याच्याशेजारी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ठेवून पाहावे. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली हा चित्रपट केला. तेथेही बंद दार आहे आणि एकटी पडलेली गरोदर स्त्री आहे. पण बेणारेबाईंना घेरणारी माणसे मुंबईहून आलेली, शिकलेली आहेत. गावचा सामंत तेवढा साधा, सरळ. गर्भ नष्ट करण्याची शिक्षा खोट्या खटल्यात सुनावते ती ही सुसंस्कृत मंडळी!

वास्तव कोणत्या बाजूला आहे? गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर देशाने १९९४ मध्ये कायदा केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. सोनोग्राफीचे यंत्र फडात नसते, ते दवाखान्यात असते. तेव्हा सारे पाप उसाच्या आड ढकलले, तर शहरातील प्रेक्षक निर्दोष मनाने घरी जातो.

तिसरा प्रश्न आपल्या बारामती-इंदापूरकरांच्या अधिक जवळचा आहे. नीरा डाव्या कालव्यावर पिकणारा ऊस माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना जातो. हा ऊस आपल्याला गूढ वाटत नाही, कारण हंगामात त्यात माणसे दिसतात. बीड, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे हिशेबातसुद्धा बाई वेगळी उरत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. उसातील स्त्री आणि तिची कूस हाच ‘लपाछपी’चा विषय असताना ही स्त्री मात्र पडद्यावर नाही.

चित्रपटात सर्वांनाच स्थान द्यावे, असा हट्ट मी धरणार नाही. चार माणसांच्या कथेत पाचवे कोंबल्याने न्याय होत नाही. पण फड निर्जन दाखविला की तो तोडणारे हात पुसले जातात. नेहाला उसातून बाहेर पडायचे आहे. पोटासाठी दरवर्षी त्याच उसात परतावे लागणाऱ्या स्त्रीचा मानसिक थरार अजून कोणीतरी लिहावयाचा आहे. तो आपल्या तालुक्यांतील एखाद्या विद्यार्थ्याने का लिहू नये?